शांघायच्या वाटेवरचा थांबा

2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री वाजवून गेला. 18, 19 आणि 21 तारखेच्या त्या कार्यक्रमांवर रकाने भरून आले. तिकिटांचा काळाबाजार, हॉटेलांचे चढे दर, वाहतुकीतले बदल, मनगटावर लुकलुकणारे पट्टे, सगळं छापून झालं. दौऱ्यातल्या गावांच्या यादीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नेरुळच्या आधी ही मंडळी अबू धाबीला होती. नेरुळनंतर अहमदाबाद, मग एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि तिथून सोल. आखाताचा किनारा, मुंबई, हाँगकाँग. नव्वद वर्षांपूर्वी युरोपातून सुटलेली बोट साधारण याच क्रमाने चालायची.

मुंबईतल्या संगीताचा इतिहास आपण घराण्यांच्या, नाटक मंडळ्यांच्या आणि फिल्म स्टुडिओंच्या अंगाने सांगत आलो आहोत. तो बंदराच्या अंगानेही सांगता येतो, आणि तसा सांगितला की त्यात शांघाय, पॅरिस आणि गोव्यातलं हळदोणे एका ओळीत येऊन बसतात.

बोटीचा रस्ता

1930 च्या दशकात लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीच्या 'कोंते व्हर्दे' आणि 'कोंते रोस्सो' या दोन बोटींचं मोठं नाव होतं. इटलीहून निघायचं, पोर्ट सैदवरून सुएझ कालवा ओलांडायचा, मग मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग आणि शेवटी शांघाय. इंग्रजांच्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीही लंडनहून याच दिशेने येत. मुंबई हा या वाटेवरचा मधला थांबा. कोळसापाणी, टपाल, उतारू यांची चढउतार झाली की बोट पुढे.

या वाटेशी मराठी माणसाची ओळख आहे ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. 1 सप्टेंबर 1938 रोजी ते चार सहकारी डॉक्टरांबरोबर मुंबईहून 'राजपुताना' या पी. अँड ओ.च्या बोटीने चीनकडे निघाले आणि 1942 साली तिथेच वारले. पुढे 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, त्याला संगीत वसंत देसाईंचं होतं. पण कोटणीस गेले त्या वाटेवरून त्याआधी कितीतरी वर्षं आणखी एक जमात येत-जात होती. त्यांच्या सामानात औषधांऐवजी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि कागदावर उतरवलेल्या चालींची बाडं असत.

या वादकांना पोटापाण्याचं कारण होतं. त्या काळी बड्या हॉटेलला बँड लागायचाच. मुंबईत ताजमहाल हॉटेल, कलकत्त्यात ग्रँड, कोलंबोत गॉल फेस, शांघायमध्ये तर नाचघरांची रांगच. रात्री जोडप्यांना नाचायचं असे आणि नाचाला जिवंत वाद्यवृंद हवा. म्हणून हॉटेलवाले हंगामाचा करार करून बँड बोलवत. एका बंदरातला हंगाम संपला की वादक पुढचं बंदर गाठत. आजच्या भाषेत हेच 'टूरिंग'. फरक इतकाच की तेव्हाचा मुक्काम तीन रात्रींचा नसे, तीन-चार महिन्यांचा असे. पुढे जे काही घडलं ते या फरकामुळे.

ताजमधला हिवाळा

1935 च्या हिवाळ्यात ताजने लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड आणला. अ‍ॅबी मूळचा अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा, पण त्याचा जम बसला तो युरोपात. अमेरिकेत काळ्या वादकाने गोऱ्यांसाठी वाजवायचं आणि मागच्या दाराने घरी जायचं, असा दंडक होता. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसने या वादकांना पुढचं दार उघडलं, आणि पॅरिसहून पूर्वेची बोट धरणं सोपं होतं. सगळेच्या सगळे वादक कृष्णवर्णीय असलेला बँड मुंबईत उतरला, हे नवलच होतं. त्याच मुंबईत हिंदी माणसाला पायरी चढू न देणारे गोऱ्यांचे क्लब होते. ताजच्या नाचघरात मात्र संस्थानिक, पारशी गिरणीमालक आणि इंग्रज अधिकारी एकाच लाकडी फरशीवर पाय घासत होते, आणि ठेका धरून देत होते अमेरिकेतल्या गुलामांचे नातू-पणतू.

अ‍ॅबीनंतर क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक आला. 1936 मध्ये त्याच्या बँडने मुंबईत 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' नावाची एक चाल ध्वनिमुद्रित केली. ती रचली होती मुंबईकर मेना सायलस यांनी. या चालीचं नाव घेऊन नरेश फर्नांडिस यांनी 2012 साली मुंबईच्या जॅझयुगावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ही विसरलेली मंडळी पुन्हा उजेडात आली.

या सगळ्यांत अट्टल दर्यावर्दी होता पियानोवादक टेडी वेदरफर्ड. जन्म 1903 चा, व्हर्जिनियातला. तरुणपणी शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो वाजवत असे, लुई आर्मस्ट्राँग त्याच वाद्यवृंदात होता. आर्मस्ट्राँग अमेरिकेत राहिला आणि जगप्रसिद्ध झाला. वेदरफर्डने 1926 मध्ये पूर्वेची वाट धरली आणि शांघायमध्ये नाव कमावलं. तिथे त्याचा असा दबदबा झाला की 1934 साली तो कॅलिफोर्नियाला जाऊन बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा अख्खा बँड घेऊन शांघायला परतला. कुत्र्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या 'कॅनिड्रोम'च्या नाचघरात तो बँड उभा राहिला. 1937 मध्ये वेदरफर्ड पॅरिसला गेला, तिथे त्याने तबकड्या भरल्या, आणि मग मुंबईत ताजला आला. पुढे कोलंबो, त्यानंतर कलकत्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी गजबजलेलं असताना तिथल्या पियानोवर वेदरफर्ड होता. एप्रिल 1945 मध्ये, लढाई संपायला काही महिने उरलेले असताना, पटकीने त्याचा अंत झाला. वय अवघं 41.

शिकागो, शांघाय, पॅरिस, मुंबई, कोलंबो, कलकत्ता. एवढी गावं एका आयुष्यात बांधणारा हा माणूस अमेरिकेच्या जॅझच्या इतिहासात तळटीपेपुरता उरला आहे. मुंबईच्या इतिहासात तर तेवढाही नाही.

शांघायची बाजू

शांघायमध्ये काय चाललं होतं, तेही पाहायला हवं. मारिओ पाची नावाचा इटालियन पियानोवादक पहिल्या महायुद्धाच्या शेवटी दौऱ्यावर शांघायला आला, आजारी पडला आणि तिथेच राहिला. 1919 पासून 1942 पर्यंत त्याने शांघाय म्युनिसिपल ऑर्केस्ट्रा चालवला. सुरुवातीला त्यात सगळे परदेशी: इटालियन, रशियन, फिलिपिनो. 1927 मध्ये तान शूजेन हा चिनी व्हायोलिनवादक त्यात बसला आणि दार किलकिलं झालं. त्याच वर्षी शांघायचं संगीत विद्यालय सुरू झालं. ते चालवणारे श्याओ यूमेइ जर्मनीत लाइपझिगला शिकून आलेले. 1934 मध्ये रशियन संगीतकार अलेक्झांडर चेरेप्निन यांनी चिनी वळणाच्या पियानोरचनांची स्पर्धा लावली. ती जिंकली 'हे' आडनावाच्या लूतिंग या चिनी तरुणाने, आणि म्हशी राखणाऱ्या पोराच्या बासरीवरची त्याची छोटी रचना आजही चीनमध्ये पियानो शिकणारी मुलं वाजवतात.

पाची आजारी पडला नसता तर चार कार्यक्रम करून परतला असता. चेरेप्निन आला तसाच गेला असता, तर चिनी पियानोला स्वतःचा सूर सापडायला आणखी वेळ लागला असता. बक क्लेटनचं कॅनिड्रोममधलं काम मारामारीच्या एका प्रकरणात गेलं तेव्हा त्याला साध्या नाचघरात नोकरी धरावी लागली. तिथल्या गिऱ्हाइकांना चिनी गाणी हवी होती, म्हणून तो ती शिकला. शांघायच्या सिनेगीतांत जॅझ मुरला तो अशा गरजेच्या मुक्कामांतून.

गोव्याचा मेस्त, फिलिपिनो बँडवाला

अ‍ॅबी, स्मिथ, वेदरफर्ड मुंबईला येत, पण हॉटेलचा वर्षभराचा भार त्यांच्यावर नव्हता. तो होता गोवेकरांवर. शांघाय-हाँगकाँगकडे तोच भार फिलिपिनो वादकांवर. हे साम्य योगायोगाचं नाही. गोव्यात पोर्तुगीज आणि फिलिपिन्समध्ये स्पॅनिश, दोन्हीकडे चर्चच्या शाळेत पोरांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. गोव्यात हे शिकवणाऱ्याला 'मेस्त' म्हणत. गावातल्या मेस्ताच्या हाताखाली छडी खात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट शिकलेला मुलगा मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे आपल्या गावाच्या खोलीत, पथारी टाके आणि समोर येईल तो कागद वाचून वाजवू शके. पूर्वेच्या सागरी वाटेची एक बाजू फिलिपिनोंनी उचलली, दुसरी गोवेकरांनी.

हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ हा त्यांतलाच. आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून आणि हॉटेलात आलेल्या काळ्या वादकांना पाहून त्याने आपला ट्रम्पेट घडवला. 'चिक चॉकलेट' या नावाने तो मुंबईत इतका गाजला की त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात नशाबंदी आली, नाचघरांना ओहोटी लागली आणि हे सगळे वादक दादर, परळ, ताडदेवच्या फिल्म स्टुडिओंकडे वळले.

तिथे त्यांची गाठ पडली ती नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्र यांच्याशी. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला हा मराठी माणूस जॅझवर लुब्ध झाला होता. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, गोवेकर सहायक ती पटापट स्टाफ नोटेशनमध्ये उतरवणार, कोणत्या ओळीत ट्रम्पेट आणि कोणत्या ओळीत क्लॅरिनेट ते ठरवणार, आणि पुढे वादकांचा ताफा कागद समोर ठेवून एका दमात वाजवणार, अशी स्टुडिओची रीत होती. 1951 मध्ये मास्टर भगवान यांचा 'अलबेला' आला. त्यातला पितळी वाद्यांचा उसळता ठेका ऐकताना ताजमधला 1935 चा हिवाळा आठवावा. भगवान पालव गिरणगावातला गडी, चितळकर पुणतांब्याचे, वाझ हळदोण्याचा, आणि ठेका न्यू ऑर्लिन्सचा. वाझचा बँड त्यात पडद्यावरही दिसतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गणपती मंडळांनी जो सूर लावून नाच केला, त्याच्या मुळाशी एका बोटीचं वेळापत्रक आहे.

काउफमान यांची धून

त्या बोटींवर 1933 नंतर आणखी एक प्रकारचे उतारू दिसू लागले. हिटलरच्या राज्यातून निसटलेले ज्यू. व्हिसा न मागणारं शहर म्हणून शांघायचं नाव सर्वतोमुखी झालं आणि सुमारे 18,000 निर्वासितांनी ते गाठलं. त्यांतले बरेच जण वाटेत मुंबई पाहून गेले. काही मुंबईतच राहिले.

कार्ल्सबाडचे संगीतकार वॉल्टर काउफमान 1934 मध्ये मुंबईला आले. आल्याबरोबर त्यांनी चेंबर म्युझिकची मंडळी जमवली. त्यात व्हायोलिनवर होते मेहली मेहता, ज्यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 1937 पासून 1946 पर्यंत काउफमान मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिनने उठणारी आकाशवाणीची ओळखधून त्यांचीच मानली जाते. दोन-तीन पिढ्यांच्या मराठी घरांत पहाटे चहाचं आधण आणि ही धून बरोबरच सुरू व्हायची. ती एका निर्वासिताच्या हातची आहे, हे त्या घरांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

सुरुवातीला काउफमान यांना आपलं संगीत अगदी परकं वाटलं होतं. बारा वर्षांच्या मुक्कामाने ते बदललं. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या रागांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि प्राचीन चिनी ग्रंथांतल्या संगीतविषयक उल्लेखांवरही दुसरा. बोटीच्या वाटेवरचे दोन्ही देश त्यांनी मुंबईच्या खिडकीतून पाहायला सुरुवात केली होती.

शांघायमध्ये याच वेळी बर्लिनचे व्हायोलिनवादक आल्फ्रेड विटेनबर्ग आणि न्यायाधीशाची खुर्ची गमावलेले संगीतकार वोल्फगांग फ्रेंकेल चिनी मुलांना शिकवत होते. विटेनबर्ग 1952 मध्ये शांघायलाच वारले. चीनच्या पाश्चात्त्य संगीताची पहिली फळी या दोघांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या हाताखाली तयार झाली.

दारं बंद, दारं उघडी

1949 मध्ये चीनमध्ये राज्य बदललं, बोटींची जागा हळूहळू विमानांनी घेतली आणि ही वाट मोडली. मुंबईत पाहुणे येत राहिले. 1952 मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन दुष्काळनिधीसाठी वाजवायला आले. मुंबईत त्यांना पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार भेटले, आणि 1954 मध्ये मेन्युहिन त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले. आज युरोपात गल्लोगल्ली अय्यंगार योगाचे वर्ग चालतात, त्याची सुरुवात व्हायोलिनच्या एका दौऱ्यातून झाली आहे.

चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीने 1966 नंतर बाख-बेथोव्हन हद्दपार केले. 1973 मध्ये राजकारणाचा वारा फिरला आणि लंडन व व्हिएन्ना इथले वाद्यवृंद बीजिंगला जाऊन आले. 1981 मध्ये फ्रान्सचा झाँ मिशेल जार विजेवरची वाद्यं घेऊन बीजिंग आणि शांघायला गेला. 1985 च्या एप्रिलमध्ये 'वॅम!' हा इंग्लिश पॉप बँड बीजिंगच्या क्रीडागृहात उभा राहिला. मुंबईने असा अनुभव त्याआधीच घेतला होता. 26 मार्च 1980 रोजी 'द पोलिस' हा ब्रिटिश बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला होता. त्या दौऱ्यातली काही गावं पाहा: टोकियो, हाँगकाँग, मुंबई, कैरो, अथेन्स. तीच जुनी वाट, उलट्या दिशेने.

पण या वाटेवरची सगळ्यांत मोठी घटना 1998 च्या सप्टेंबरात बीजिंगला घडली, आणि तिच्या मध्यभागी मुंबईचा माणूस होता. मेहली मेहतांचे चिरंजीव झुबिन 1936 मध्ये मुंबईत जन्मले, 1954 मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले आणि पुढे जगातल्या मोठ्या वाद्यवृंदांचे संचालक झाले. पुचिनीचा 'तुरांदोत' हा ऑपेरा एका काल्पनिक चिनी राजकन्येवर आहे. पुचिनीने चीन पाहिला नव्हता. एका ओळखीच्या सरदाराकडे चिनी चाली वाजवणारी संगीतपेटी होती, तिच्यातली मोगऱ्याच्या फुलावरची लोकधून त्याने उचलली. 1926 मध्ये मिलानला हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. युरोपने कल्पनेने रंगवलेला तो चीन बरीच दशकं खुद्द चीनला रुचला नव्हता. 1998 मध्ये झुबिन मेहता फ्लॉरेन्सचा वाद्यवृंद आणि गायकवर्ग घेऊन बीजिंगला गेले. दिग्दर्शक होते झांग यिमौ. निषिद्ध नगरीशेजारच्या मिंग घराण्याच्या पूर्वजमंदिरासमोर, उघड्या आकाशाखाली प्रयोग झाले, चिनी सैनिक मिंगकालीन वेशात उभे राहिले. इटलीने चीनकडून उसनी घेतलेली मोगऱ्याची धून सत्तर वर्षांनी आपल्या घरी परतली. तिला हात धरून नेणारा माणूस वाढला होता त्याच मुंबईत, जिथे शांघायची बोट थांबायची.

खाडी ओलांडून

परदेशी बँड दक्षिण मुंबईतून नेरुळला कसे पोचले, याची कारणं साधी आहेत. रंगभवनाच्या आसपास इस्पितळं आणि कॉलेज. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, शांतता क्षेत्र ठरलं आणि तिथला आवाज बंद झाला. 1996 मध्ये मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला. 7 एप्रिल 2003 रोजी रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले. त्याच दौऱ्यातले हाँगकाँग, शांघाय आणि बीजिंगचे कार्यक्रम सार्सच्या साथीने रद्द झाले होते. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातली मोकळी मैदानं वापरात आली, पण मैदानावर सगळंच उभारावं लागतं: कुंपण, शौचालयं, आसनं, वीज.

खाडीपलीकडे दुसरीच गोष्ट घडत होती. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. 1992 मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला आली. 2008 च्या मार्चमध्ये डी. वाय. पाटील स्टेडियम सुरू झालं आणि त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथे झाला. प्रेक्षकांच्या नजरेआड एकही खांब येत नाही असं छत, एका अंगाला शीव-पनवेल महामार्ग आणि चालत जाण्याच्या अंतरावर लोकलचं स्टेशन. 2017 मध्ये जस्टिन बीबर तिथे आला. 15 डिसेंबर 2019 रोजी आयर्लंडच्या 'यू टू' या बँडने सोल आणि मनिलानंतर आपल्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम नेरुळला केला, आणि ए. आर. रहमान त्यांच्याबरोबर मंचावर आले. फिलिपिन्सहून महाराष्ट्रात, सागरी वाटेच्या एका बाजूकडून दुसरीकडे. काही आठवड्यांत करोना आला आणि जग बंद झालं. पाच वर्षांनी कोल्डप्ले आले. दरम्यान 2024 मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. बंदर, सेतू, विमानतळ आणि स्टेडियम, सगळं खाडीच्या त्याच बाजूला. ताजच्या दारातला थांबा आता नेरुळला आला आहे.

थांबा तोच, मुक्काम मात्र आखडला. मंचाचं सामान मालवाहू विमानांनी येतं, कार्यक्रम संपतो त्या रात्रीच उतरायला लागतं, पुढच्या गावाच्या तारखा वर्षभर आधी ठरलेल्या असतात. दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद. हजारो लोक आनंदाने घरी जातात, आणि तो आनंद खोटा नाही. पण अ‍ॅबी तीन-चार महिने राहिला म्हणून आपल्याला चिक चॉकलेट मिळाला, काउफमान बारा वर्षं राहिले म्हणून आकाशवाणीची धून मिळाली. तीन रात्रींच्या पाहुण्याकडून नेरुळच्या एखाद्या ट्रम्पेट शिकणाऱ्या मुलीला काय मिळेल?

हळदीतला जपानी

याचं उत्तर स्टेडियमच्या कुंपणाबाहेरच आहे. नेरुळ, शिरवणे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावं सिडकोच्या इमारतींमध्ये अजून तग धरून आहेत. तिथल्या हळदीला, पालखीला, गणपतीच्या मिरवणुकीला बेंजो लागतो. हा बेंजो म्हणजे इंग्रजी चित्रपटात दिसणारा गोल तुंबड्याचा बँजो नव्हे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि एका अंगाला टाइपरायटरसारख्या गोल कळांची ओळ. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. याचंच जुनं नाव बुलबुलतरंग. पुढे त्याला विजेचा पिकअप लागला, भोंगा लागला, शेजारी कच्छी ढोल आणि कीबोर्ड येऊन बसले, आणि कोळीगीताला त्याच्याशिवाय रंग चढेनासा झाला.

हे वाद्य जपानी आहे. 1912 मध्ये नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी ते बनवलं, ताइशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, म्हणून नाव ताइशोगोतो. जपानी तंतुवाद्य आणि पाश्चात्त्य टाइपरायटरच्या कळा यांचा तो संकर. पूर्वेकडच्या बोटींतून ते आपल्या किनाऱ्याला लागलं. कराची-बलुचिस्तानात त्याचा 'बेंजू' झाला, मुंबई-कोकणात 'बेंजो'. त्याच्यासाठी कुणी तिकीट काढलं नाही की वर्तमानपत्रात जाहिरात दिली नाही. ते स्वस्त होतं, शिकायला सोपं होतं, आणि इथे राहिलं.

म्हणून एक मागणी करावीशी वाटते. नेरुळचं स्टेडियम परदेशी कलावंतांसाठी भाड्याने देताना करारात एक जादा दिवस घालावा. महापालिकेने, आयोजकांनी, सिडकोने मिळून तो दिवस पाहुण्यांच्या ताफ्यातल्या वादकांसाठी आणि ध्वनितंत्रज्ञांसाठी राखावा. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात पडदा वर करून शहरातल्या शाळांतली वाजवणारी पोरं, चर्चमधले व्हायोलिनवाले आणि शिरवण्याची बेंजो पार्टी यांच्यासमोर त्यांना बसवावं. मुख्य गायक नाही आला तरी चालेल. ताजमध्येही लोकांनी नाव लक्षात ठेवलं बँडच्या म्होरक्याचं, पण हळदोण्याच्या वाझने जे उचललं ते रोज रात्री जवळ बसून ऐकल्यामुळे. एक दिवस फार नाही. पण आज तो एकही नाही.